टाकलं, ठेवलं की गेले?

दसरा-दिवाळीच्या सुमाराला सोनपेठ तालुक्यातल्या गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरू लागतात. पाण्याचा ड्रम, पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चार भांडी, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल घेतलेला कोयता एकदा फडात गेला की उन्हाळा तोंडावर येईपर्यंत घराकडे फिरकत नाही. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या हवाली केलेली शाळकरी नातवंडं. ज्यांची मुलं शिकली त्यांचीही गत फार वेगळी नाही. पोरगा चाकणच्या कंपनीत, लेक हडपसरला, आणि घरात दोन जीव. त्यातला एक गेला की एकच.

वृद्धाश्रम हे पुण्या-मुंबईचं, परदेशी स्थायिक झालेल्यांच्या आईबापांचं प्रकरण आहे, ही समजूत त्यामुळे जुनी झाली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले १ कोटी ११ लाख लोक होते. म्हणजे दर दहा माणसांमागे एक. २०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वाच्या पाहणीत साठीपुढचे सुमारे ६ टक्के लोक अगदी एकटे, तर २० टक्के केवळ जोडीदाराबरोबर राहताना आढळले. यातल्या बहुतेकांचं बरं चाललेलं असतं. चालू राहतं ते न्हाणीत पाय घसरेपर्यंत.

खुब्याचं हाड मोडतं, परभणीला ऑपरेशन होतं, महिनाभर लेक येऊन राहते, मग तिलाही परत जावं लागतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात भावंडं उभ्या उभ्या ठरवतात: ‘आता आश्रमच बघावा लागेल.’ ज्याच्याबद्दल हे बोलणं चाललं आहे ते माणूस आत खाटेवर असतं, आणि त्याला हे सगळ्यात शेवटी कळतं. जागा बदलण्याच्या तयारीतली पहिली चूक होते ती इथे.

तीन क्रियापदं

मराठीत या घटनेसाठी तीन क्रियापदं आहेत. ‘बापाला आश्रमात टाकलं’, ‘आईला आश्रमात ठेवलं’ आणि ‘तात्या आश्रमात राहायला गेले’. पहिल्या दोन वाक्यांत म्हातारं माणूस कर्म आहे, तिसऱ्यात कर्ता. गाव बहुधा पहिलंच क्रियापद वापरतं, आणि ते कानावर येऊ नये म्हणून घरातली माणसं निर्णय लपवतात, लांबवतात, शेवटी घाईत उरकतात.

जुन्या काळीही म्हातारी माणसं घर सोडत. विधवा आत्या, निपुत्रिक मावशी पंढरपूरला एखाद्या मठात नाहीतर वाड्यातल्या खोलीत राहायला जात. कुणी काशीवासाला निघे. त्यामागे सगळी भक्तीच असे असं नाही. घरातली ओढाताण, वाटणीचे वाद, तोंडाचा फटकळपणा हेही असे. पण गावाच्या तोंडी वाक्य असे ते ‘म्हातारी पंढरपूरला गेली’. जाण्याची तिथी तिची, बरोबर न्यायची पितळी तांब्याची जोडी तिची, आणि मागे ठेवायच्या वस्तू कुणाला द्यायच्या हेही ती सांगे. आजच्या वृद्धाश्रमाच्या प्रवेशात हरवतं ते नेमकं हे कर्तेपण. त्याची किंमत काय असते, ते अमेरिकेत दोन मानसशास्त्रज्ञांनी मोजायचा प्रयत्न केला होता.

कनेक्टिकट राज्यातल्या आर्डन हाउस या शुश्रूषागृहात एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी केलेला हा प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. ६५ ते ९० वयाचे ९१ रहिवासी त्यात होते. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं गेलं, की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री बघायचा ते तुम्ही निवडा, आणि हे रोप हवं असेल तर घ्या. पाणी तुम्हीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावर सिनेमाही होता, रोपंही होती. फरक एवढाच, की सिनेमाची रात्र कर्मचाऱ्यांनी ठरवली आणि कुंडीला पाणी नर्सनं घातलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक हिंडती-फिरती, बोलकी दिसू लागली. दीड वर्षानं पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के आणि दुसऱ्यातले ३० टक्के लोक वारले होते. प्रयोग लहान होता आणि मृत्यूच्या आकड्यांच्या गणितातली एक चूक लेखिकांना नंतर दुरुस्त करावी लागली, म्हणून ‘कुंडीनं आयुष्य वाढतं’ असा अर्थ कुणी काढू नये. पण आपल्या दिवसातलं काहीतरी आपण ठरवतो, ही जाणीव माणसाला हालतं-बोलतं ठेवते, हे तिथून पुढे वारंवार दिसत आलं आहे.

तेव्हा घरच्यांनी आश्रम निवडून मग आईला सांगू नये. दोन-तीन जागा बघून याव्यात, त्यातल्या दोन तिला दाखवाव्यात आणि खरोखर तिला निवडू द्यावं. ती ‘दोन्ही नको’ म्हणाली तर तेही उत्तर आहे. अशा वेळी गावातच स्वयंपाकाला बाई, न्हाणीत पकडायला दांडी, रात्री सोबतीला कुणी, असा मार्ग निघतो का ते आधी बघावं. कित्येक घरांत तो निघतो, आणि आश्रमाची वेळ वर्ष-दोन वर्षं पुढे जाते.

जागा बघताना

महाराष्ट्र सरकारची वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ पासूनची आहे. स्वयंसेवी संस्थांनी चालवलेल्या या आश्रमांत साठ वर्षांवरचे पुरुष आणि पंचावन्न वर्षांवरच्या स्त्रिया यांना प्रवेश मिळतो, भर निराधारांवर. १९९५ साली युती सरकारनं जिल्ह्याजिल्ह्यांत ‘मातोश्री वृद्धाश्रम’ उभारण्याची योजना आणली, प्रत्येक ठिकाणी शंभर जणांची सोय धरून, काही जागा पैसे भरणाऱ्यांसाठी आणि काही मोफत. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरच्या पैठण रस्त्यावरचा मातोश्री वृद्धाश्रम पुष्कळांना ऐकून माहीत आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांना सामावणारा एक तरी आश्रम असावा असं म्हटलं आहे. मात्र कलमाची भाषा ‘राज्य सरकार स्थापन करू शकेल’ अशी आहे, ‘करीलच’ अशी नाही. उरलेली जागा खासगी आश्रमांनी भरली आहे, आणि त्यांत धर्मादाय ट्रस्टपासून दोन फ्लॅट भाड्यानं घेऊन चालवलेल्या ‘केअर सेंटर’पर्यंत सगळं येतं.

जागा बघायला जावं ते शक्यतो न सांगता आणि जेवणाच्या वेळी. दारातली रांगोळी आणि भिंतीवरचे देणगीदारांचे फोटो बघून काही कळत नाही. कळतं ते वासावरून. लघवीचा जुनाट वास येत असेल तर चादरी वेळेवर बदलत नाहीत, आणि फिनेलचाच भपकारा असेल तर तो कशासाठी मारला आहे ते विचारावं. ताटात काय आहे ते बघावं. सोनपेठच्या आजीनं सत्तर वर्षं ज्वारीची भाकरी खाल्लेली असते. रोज पोळी-भात वाढणाऱ्या जागी ती पहिल्या आठवड्यात अर्धपोटी राहते आणि ‘भूक नाही’ म्हणते. कवळी असेल तर भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करून मिळेल का, हेही विचारायचं असतं. संडास कमोडचा आहे की बैठा, खाटेपासून किती पावलांवर, रात्री दिवा असतो का, फरशी गुळगुळीत आहे का, पकडायला दांडी आहे का. मराठवाड्याचा मे महिना लक्षात घेता वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोलीत कूलर आहे का, हा प्रश्न चैनीचा नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र लोक विसरतात. अनेक आश्रमांच्या प्रवेश-अर्जात एक अट असते: ‘स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत.’ आज आई काठी घेऊन चालते, म्हणून प्रवेश मिळतो. ती अंथरुणाला खिळली तर? कुठे नातेवाइकांना बोलावून घेऊन जायला सांगतात, कुठे जादा पैसे घेऊन वेगळ्या खोलीत नेतात, कुठे त्यासाठी बाई असते. हे आधी कागदावर घ्यावं. त्याबरोबरच अनामत रक्कम परत मिळते का, औषधं आणि डायपरचा खर्च महिन्याच्या शुल्कात आहे की वेगळा, रात्री-अपरात्री कोणत्या दवाखान्यात नेतात, आणि संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे आहे का, हेही. अर्जात शेवटी अंत्यविधीबद्दलचा रकाना असतो. तो भरताना मुलं गप्प होतात. म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर ते बहुधा सरळ सांगतं.

सातबारा आणि पासबुक

सोनपेठसारख्या शेतीच्या गावात सामानाच्या आधी कागदांचा प्रश्न येतो. ‘जाताच आहात तर जमीन नावावर करून द्या’ हे वाक्य कुणीतरी उच्चारतंच. आश्रमात जाण्याचा आणि सातबारा बदलण्याचा काडीचाही संबंध नाही, आणि दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात करणं हे तर सगळ्यांत धोक्याचं.

बक्षीसपत्र करायचंच असेल तर २००७ च्या कायद्याचं २३ वं कलम घरातल्या प्रत्येकानं समजून घ्यावं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अशी अट होती हे सिद्ध व्हायला हवं. नुसतं ‘आम्ही सांभाळू’ हे गृहीत धरून चालणार नाही. पुढे मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या ऊर्मिला दीक्षित यांनी मुलाला बक्षीसपत्र करून दिलेलं घर परत मागितलं. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं बक्षीसपत्र रद्द ठरवून घराचा ताबा आईला देण्याचा आदेश दिला. धडा साधा आहे: सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच, शब्दांत लिहून घ्यावी.

याच कायद्यानुसार पोटगीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करता येतो, त्याला वकील लागत नाही, आणि ‘अपत्य’ या शब्दात मुलगी, नातू, नातही येतात. ‘लेकीच्या घरचं कसं खायचं’ हा संकोच कायद्याला मान्य नाही. शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेनं २०२० च्या अखेरीला त्याहून थेट पाऊल उचललं. आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती आईबापांच्या खात्यात जमा करायची, असा ठराव तिनं केला. बारा कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या होत्या आणि त्यांत शिक्षकही होते.

कागदांची पिशवी आठवडाभर आधी लावून ठेवावी. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये चालू असतील तर दरवर्षीचा हयातीचा दाखला कोण नेऊन देणार, ते ठरवावं. एका वर्षी चुकलं की पैसे थांबतात. खुरपं धरून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही, हा अनुभव रेशन दुकानात आणि बँकेत रोजचा आहे, त्यामुळे आधारमधले ठसे आणि मोबाइल नंबर गावात असतानाच नीट करून घ्यावेत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ पासून मिळतं. पासबुक आणि एटीएम मात्र म्हाताऱ्या माणसाच्याच ताब्यात राहावं. चहाच्या टपरीवर स्वतःच्या पैशानं दोन कप सांगता येणं ही आश्रमात मोठी गोष्ट असते.

एका पेटीत काय मावतं

आश्रमात खाटेशेजारी एक लहान कपाट मिळतं. साठ वर्षांचा संसार त्यात बसवायचा असतो, आणि मुलं नेमकी इथे चुकतात: जुनं सगळं टाकून ती नवं विकत आणतात. नवी चादर, नवा टॉवेल, नवा गाऊन. नव्या जागेत सगळंच नवं असलं की रात्री जाग आल्यावर हाताला ओळखीचं काही लागत नाही. आईनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी न्यावी, मग ती कितीही विटलेली असो. नेहमीचा पेला, देव्हाऱ्यातला एखादा देव, पान-तंबाखूची चंची असेल तर तीही. आश्रमात तंबाखू चालत नसेल तर ते आधीच सांगून ठेवावं, तिथे गेल्यावर हिसकावून घेऊ नये. चष्मा दोन. कवळीच्या डबीवर आणि श्रवणयंत्रावर नाव, कारण या दोन वस्तू सामाईक जागी सर्वांत आधी हरवतात.

आणि एक कागद. त्यावर औषधांची यादी असतेच, पण खाली माणूसही लिहावा. सकाळी चार वाजता उठते. चहात साखर जास्त. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूनं बोलावं. ‘आजी’ म्हटलेलं आवडत नाही, ‘काकू’ म्हणा. एकादशी धरते. सोनपेठच्या बाजारापेक्षा परळीच्या वैजनाथाच्या जत्रेबद्दल विचारा, तासभर बोलेल. पाळी बदलून आलेल्या कर्मचाऱ्याला हा कागद फाइलभर रिपोर्टांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

शक्य असेल तर आधी आठ-पंधरा दिवसांचा मुक्काम करून बघावा. ‘चार दिवस राहून या, नाही पटलं तर घर आहेच’, हे वाक्य खरं असेल तरच बोलावं. डॉक्टरांना दाखवायला म्हणून गाडीत बसवायचं आणि आश्रमाच्या फाटकात उतरवायचं, हा प्रकार सर्रास होतो. त्यानंतर ते माणूस कुणाच्याच गाडीत विश्वासानं बसत नाही.

पहिले तीन महिने

जागा बदलल्यावर येणारी अस्वस्थता, झोपमोड, भूक मंदावणं, रडू येणं यांना परिचारिकांच्या जागतिक निदान-यादीत १९९२ पासून स्वतंत्र नाव आहे: स्थलांतराचा ताण. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. पण माणूस एकाएकी, एक-दोन दिवसांत बरळू लागलं, दिवसा गुंगीत आणि रात्री जागं राहू लागलं, तर ‘मनाला लागलं’ म्हणून सोडून देऊ नये. लघवीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवं औषध यांपैकी काहीतरी असतं आणि उपचारानं ते बरं होतं.

स्मृतिभ्रंशाचं गणित निराळं. लासीच्या आधारे केलेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना तो आहे. अशी माणसं कातरवेळी बेचैन होतात, पिशवी भरतात, ‘गुरं आली असतील, घरी चला’ म्हणतात. ‘गुरं विकून वीस वर्षं झाली’ हे सांगून वाद जिंकता येतो, पण त्यांची बेचैनी वाढते. ‘किती गुरं होती? धार कोण काढायचं?’ असं विचारत दोन फेऱ्या मारल्या की बहुधा जेवणाची वेळ होते.

भेटी किती द्याव्यात याचं उत्तरही एका प्रयोगात सापडतं. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिचर्ड शुल्झ यांनी एका वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना भेटीला पाठवलं. काहींना भेटीची वेळ स्वतः ठरवता येत होती, काहींना ती आधी कळवली जात होती, काहींकडे विद्यार्थी अचानक येत. पहिले दोन गट स्पष्टपणे खुशीत होते. अचानक भेटींनी तेवढा फरक पडला नाही. येणाऱ्याची वाट बघता येणं हाच भेटीचा अर्धा आनंद असतो. प्रयोग संपला, विद्यार्थी यायचे थांबले. पुढे तपासलं तेव्हा जे दोन गट खुलले होते तेच जास्त खालावलेले आढळले.

म्हणून पहिल्या महिन्यात अपराधी वाटतं म्हणून रोज धावत जायचं आणि चौथ्या महिन्यापासून फिरकायचं नाही, यापेक्षा महिन्याचा दुसरा रविवार ठरवावा आणि तो चुकवू नये. मधे बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोन, म्हणजे सातलाच. ऊसतोडीला गेलेल्या मुलालाही फडातून तेवढं जमतं. आश्रम निवडताना गाडी-रस्त्याचा विचार करावा तोही यासाठी. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. तब्येत ठीक असेल आणि आश्रम गंगाखेड-परभणीच्या टप्प्यात असेल, तर दिवाळीला घरी यायला तात्यांना कुणाच्या गाडीची वाट बघावी लागत नाही. घरातली त्यांची खाट मात्र तोवर हलवू नये, आणि त्यांच्या खोलीत लगेच खताची पोती रचू नयेत.

आश्रमात जेवण बंद केलं, कुणी हात उगारला, पैसे काढून घेतले, किंवा घरचेच न्यायला येईनासे झाले, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत एल्डरलाइन क्रमांक आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याचे सातही दिवस तो चालू असतो. प्रवेशाच्या दिवशी तो जाड पेनानं मोठ्या आकड्यांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. त्यावर म्हाताऱ्या माणसाला स्वतः फोन करता येतो. मुलांची परवानगी लागत नाही.